तो वाकडा स्फटिक मागून घेतल्याबद्दल

आदरणीय ताई,

आमच्या शाळेतल्या मुलांना स्फटिक वाढवायला शिकवून तुम्ही पुण्याला परतलात, पण वर्गाच्या खिडकीत तुरटीचे ग्लास अजून तसेच आहेत आणि मधल्या सुट्टीत मुलं तिथेच घुटमळतात. फोनवर आभार मानायला गेले तेव्हा गळा दाटून आला, बोलताच आलं नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्याकडे याआधीही 'विज्ञान' येऊन गेलंय. काचेच्या पेटीतले नमुने, 'हात लावू नये'ची पाटी, बॅनरसमोर फोटो आणि जेवणाच्या सुट्टीआधी गाडी रवाना. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना स्फटिक लांबून दाखवायचे! इथे विहीर खणताना काळ्या कातळाच्या पोकळीत स्टिलबाइट, अपोफिलाइट अशा खनिजांचे स्फटिक निघतात. आमची मुलं ते 'चमकणारे दगड' खिशात घेऊन शाळेत येतात. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही तुरटी, दोरा आणि गरम पाणी थेट त्यांच्या हाती दिलंत. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन लहानपणी तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवायच्या, पुढे क्ष-किरणांनी रेणूंची रचना उलगडून त्यांनी १९६४चं नोबेल मिळवलं, हे ऐकताना मागच्या बाकावरच्या मुली पुढे सरकल्या.

पण माझ्या मनातून जात नाही ते वेगळंच. एकीचा स्फटिक दोऱ्यावरून सुटून तळाशी पडला आणि चपटा, एकांगी वाढला. तिने तो ओढणीखाली लपवला. तुम्ही तिच्याशेजारी फरशीवर बसलात, हात पुढे केलात आणि म्हणालात, "मला हाच हवा होता." मग पुठ्ठ्याचा कोनमापक तिच्याच हाती दिलात. इतरांच्या आठ पृष्ठांच्या सुबक स्फटिकांत लगतच्या दोन पृष्ठांमधला कोन साधारण १०९ अंश, आणि तिच्या वाकड्या खड्यातही तोच! पुन्हा पुन्हा मोजत राहिली ती. खडा कसाही वाढो, आतल्या कणांची मांडणी बदलत नाही, म्हणून कोनही बदलत नाही. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या स्फटिकांत १६६९ साली टिपलेलं हे सत्य तुम्ही आधी सांगून टाकलं नाहीत, तिचं तिला सापडू दिलंत.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, ताई. ओशाळलेल्या पोराशेजारी खाली बसणारी फार थोडी.

उन्हाळ्यात विहिरींची कामं निघतील तेव्हा नक्की या. कोनमापक तिने अजून परत दिलेला नाही. तुमची हरकत नसेल तर तो तिच्याकडेच राहू दे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सिन्नर तालुका