अंटार्क्टिकातल्या मैत्री स्टेशनवरून आई-बाबांना

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

आई, तुझा पहिला प्रश्न थंडीचाच असणार. पण इथे खरी धास्ती आगीची, मग वाऱ्याची. थंडीचा नंबर तिसरा. हवा इतकी कोरडी की लाकूड, गाद्या, कपडे ठिणगीचीच वाट बघत असतात, आणि बाहेर नेलेलं पाणी होजमध्येच गोठतं. म्हणून रात्री कोणीतरी जागं राहून फेरी मारतं. वाऱ्याने बर्फ उडू लागला की हाताएवढ्या अंतरावरचंही दिसत नाही. अशा वेळी एकट्याने बाहेर पडायचं नाही, वहीत नोंद केल्याशिवाय तर नाहीच, आणि इमारतींमध्ये बांधलेला दोर सोडायचा नाही.

पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं. हिवाळ्यात वर दीड-दोन मीटर बर्फ असतो, खाली पाणी न गोठता राहतं. पाइपाला गरम होणारी तार गुंडाळून वर इन्सुलेशन केलेलं असतं. पंप थांबला तर पाइप ताबडतोब रिकामा करायचा, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप उभा चिरतो. मग अंघोळीवर काट मारली जाते, ते ओघाने आलंच.

बाबा, तुम्ही ओझोन मोजायच्या फुग्याबद्दल विचारलं होतं. फुग्याखाली थर्माकोलच्या पेटीत छोटा पंप आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाची कुपी असते. पंप बाहेरची हवा द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतो; ओझोन असेल तर आयोडीन तयार होऊन बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. तो मोजला की ओझोन कळला. हवामान खात्याची अशी उपकरणं पुण्यात बनलेली आहेत बरं का! पेटी थर्माकोलची, कारण द्रावण गोठलं की सगळंच फुकट. फुगा आणि पेटी यांत सुमारे ३० मीटर दोरी लागते, नाहीतर फुग्याच्या आसपासची बिघडलेली हवाच मोजली जाते. एवढी दोरी एकदम सोडली तर वाऱ्यात पेटी खडकावर आपटते, म्हणून ती चकरीवरून हळूहळू उलगडते. एकाने फुगा धरायचा, दुसऱ्याने पेटी घेऊन वाऱ्याच्या दिशेने पळायचं. फुगा वर खेचू लागेपर्यंत पेटी सोडायची नाही.

हिवाळ्यात वेगळीच पंचाईत. वर उणे ८० अंशांत रबर कडक होतं आणि फुगा ३० किलोमीटरऐवजी बराच खाली फुटतो, म्हणजे वरचा ओझोन मोजायचा राहूनच जातो. आणि नेमकी हीच थंडी महत्त्वाची. उणे ७८ च्या खाली तिथे ढग बनतात, त्यांच्यावर क्लोरीन मोकळं व्हायची तयारी होते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ऊन परतलं की ओझोनचा फडशा पडायला लागतो. ऑक्टोबरात १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात तो कधीकधी जवळजवळ शून्यावर येतो.

मे अखेरपासून साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही, पण दुपारी थोडा संधिप्रकाश असतो. जेवणाच्या वेळा मात्र घड्याळाप्रमाणे कडक पाळतात. नाहीतर झोपेचा पार बोजवारा उडतो.

लसणाची चटणी जरूर पाठवा, पण गोव्यात वास्कोला जहाजाच्या पेट्या बंद होण्याआधी पोचली पाहिजे. जहाज उन्हाळ्यातच येतं, म्हणजे आपल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत. कोरडी, घट्ट बंद डबीत. तुळशीचं रोप आणि माती मात्र नको, आई. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार, म्हणजे अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायच्या करारानुसार, बाहेरची झाडं परवान्याशिवाय इथे आणता येत नाहीत आणि मातीही चालत नाही.

तुमची,
मनू