53 लाख मुले आणि एक रकाना : अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती लिंडा मॅकमॅहन,
शिक्षणमंत्री, अमेरिका,
वॉशिंग्टन डी. सी.

विषय : सरकारी शाळांतील इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पटसंख्या आणि तिच्या आधारे होणारे निर्णय

महोदया,

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण ते आपल्याइतकेच इथल्या मराठी पालकांसाठीही आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवीन. तरीही ही मूळ प्रत आपण मिनिटभर डोळ्यांसमोर धरावी, अशी विनंती आहे. अक्षरे दिसतात, ओळी दिसतात, कोणीतरी काहीतरी कळकळीने सांगत आहे हेही जाणवते, पण अर्थ लागत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर बसणाऱ्या कित्येक मुलांची अवस्था हीच असते.

मी मध्य न्यू जर्सीतील एका सरकारी प्राथमिक शाळेत ईएसएल, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना इंग्रजी, शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना कागदोपत्री ‘इंग्लिश लर्नर’ म्हणतात, आम्ही शिक्षक आपसांत बोलताना ‘ई. एल.’ म्हणतो आणि आमच्या राज्यात अलीकडे ‘बहुभाषिक विद्यार्थी’ असा जरा मानाचा शब्द रूढ होत आहे. शब्द कोणताही वापरला तरी मुले मोजली जातात ती एकाच रकान्यात, आणि माझे म्हणणे त्या रकान्याबद्दलच आहे.

आपल्याच खात्याच्या राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार 2011 साली देशातील सरकारी शाळांत अशी 46 लाख मुले होती, म्हणजे एकूण पटाच्या 9.4 टक्के. 2021 साली ती 53 लाख झाली, म्हणजे 10.6 टक्के, ढोबळमानाने दर दहा मुलांमागे एक. टेक्सासमध्ये हे प्रमाण 20.2 टक्के आणि वेस्ट व्हर्जिनियात 0.8 टक्के होते, त्यामुळे सरासरीवरून कोणत्याच एका राज्याचे चित्र उभे राहत नाही. यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात आणि तिच्या बऱ्याच मागून अरबीचा क्रमांक लागतो. गंमत अशी की, या मुलांच्या घरच्या भाषांच्या यादीत पहिल्या पाचांत खुद्द इंग्रजीही आहे. त्या नोंदीकडे मी पुढे येणार आहे.

या चढत्या आकड्याचा अर्थ आजकाल दोन प्रकारे लावला जातो. एक म्हणजे बाहेरून लोंढा आला. दुसरा म्हणजे इतकी वर्षे पैसा खर्च करूनही ही मुले इंग्रजी शिकली नाहीत, उलट न शिकलेल्यांची संख्याच वाढली. पहिल्या अर्थाचे उत्तर थोडक्यात देता येते : यांतील निम्म्याहून अधिक मुले याच देशात जन्मलेली आहेत. माझ्या वर्गातील बहुतेकांचे जन्मदाखले आमच्याच परिसरातील रुग्णालयांचे आहेत. दुसरा अर्थ मात्र सभ्य भाषेत आणि आलेखासकट मांडला जातो, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागते.

मुंबईच्या दादर स्थानकाच्या फलाटाचे छायाचित्र सकाळी नऊला घेतले आणि संध्याकाळी सातला पुन्हा घेतले, तर दोन्हींत सारखीच गर्दी दिसेल. त्यावरून दिवसभरात एकही माणूस गाडीत चढला नाही, असे कोणी म्हणत नाही. ई. एल.चा रकाना हा असा फलाट आहे. दरवर्षी हिवाळ्यात आमची मुले ‘ॲक्सेस’ नावाची चाचणी देतात. तिच्यात ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे असे चार भाग असतात आणि श्रेणी 1 ते 6 असते. आमच्या राज्यात एकत्रित 4.5 मिळाले आणि शिक्षकांच्या मूल्यमापनानेही दुजोरा दिला, की मूल या रकान्यातून बाहेर पडते. म्हणजे ज्याला इंग्रजी आले तो मोजणीतून गेला आणि ज्याला अजून आले नाही तेवढाच मोजणीत राहिला. त्याच्या शेजारी सप्टेंबरमध्ये नवी पाच वर्षांची मुले येऊन बसली. बालवर्गाच्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक असते आणि बारावीपर्यंत ते उतरत जाते, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. ‘ई. एल. मुलांचे वाचनातील गुण वर्षानुवर्षे खालीच आहेत’ हे वाक्यही याच अंगाने वाचावे लागते. ते गुण खालीच राहणार, कारण वर चढलेल्यांची नावे आपण यादीतून काढून टाकतो. वर्गात पहिल्या आलेल्या मुलांना दरवर्षी दुसऱ्या शाळेत धाडायचे आणि मग या शाळेचा निकाल सुधारत नाही म्हणून शिक्षकाला जाब विचारायचा, असा हा प्रकार आहे.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नव्हे. सहा-सहा वर्षे याच रकान्यात अडकलेली मुले आहेत आणि त्यांच्याबद्दल आम्हा शिक्षकांना उत्तर द्यावेच लागेल. मैदानावर अस्खलित इंग्रजीत भांडणारा पाचवीतला मुलगा लेखनाच्या भागात सलग तीन वर्षे त्याच पायरीवर थांबतो, कारण बोलण्याची इंग्रजी आणि पाठ्यपुस्तकाची इंग्रजी या वेगवेगळ्या चिजा आहेत आणि दुसरी शिकवायला वेळ व प्रशिक्षित माणूस लागतो. शिवाय 2021 मध्ये महामारीमुळे आमच्याकडची पुष्कळ मुले चाचणीलाच आली नाहीत. ज्यांची चाचणी झाली नाही ती बाहेरही पडली नाहीत. अशा वर्षाचा आकडा त्याआधीच्या वर्षांशी जोडून सरळ रेघ ओढायची असेल, तर निदान हे शेजारी लिहून तरी ओढावी.

आता इंग्रजीच्या त्या नोंदीकडे येते. सांख्यिकी केंद्राचे स्पष्टीकरण असे की, अनेक भाषा बोलणाऱ्या घरांतील किंवा परदेशातून दत्तक आलेल्या मुलांमुळे असे घडू शकते. ते खरेच आहे, पण मी पाहिलेली गोष्ट वेगळी आहे. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी शाळेच्या कार्यालयात एक मराठी वडील मुलीचे नाव घालायला आले होते. कुटुंब जेमतेम दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आले होते. घरच्या भाषेबद्दलच्या प्रश्नावलीत ‘मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकले’ आणि ‘घरात अधिक कोणती भाषा बोलली जाते’ या दोन्ही प्रश्नांपुढे त्यांनी सुबक अक्षरात ‘इंग्लिश’ लिहिले. त्यांच्या शेजारीच पाच वर्षांची ती मुलगी आजीचा पदर ओढत विचारत होती, “आजी, इथे शू कुठे करायची?” मी मराठीत बोलू लागले तसे ते ओशाळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, मराठी लिहिलं की वेगळ्या वर्गात टाकतात म्हणे. तिकडे ती इंग्लिश मीडियमलाच होती.”

पालकाने काय लिहावे हे मी सांगू शकत नाही. मी समजावले, त्यांनी मान डोलावली आणि कागद तसाच खिडकीत दिला. घरची भाषा ‘इंग्लिश’ लिहिल्यामुळे मुलीची इंग्रजीची प्राथमिक चाचणी झाली नाही आणि ती आपल्या आकड्यात आली नाही. नोव्हेंबरपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नाही. तिच्या बाईंनी, अर्थात काळजीपोटीच, तिची श्रवणचाचणी करून घ्या असे घरी कळवले. तेव्हा कुठे धावाधाव होऊन ती माझ्याकडे आली.

मी त्या वडिलांना दोष देत नाही. महाराष्ट्रात गेल्या दोन पिढ्यांनी इंग्रजी माध्यमाला प्रतिष्ठेशी असे जखडून ठेवले आहे की, ‘घरी मराठी बोलतो’ हे लिहिताना कित्येकांना आपण काही कमीपणा कबूल करत आहोत असे वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या प्राथमिक शाळेत तांड्यावरून येणारा एक मुलगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसे आणि आम्ही सगळे त्याला ‘ढ’ म्हणत असू. त्याच्या घरी गोरमाटी बोलत आणि गुरुजींची मराठी त्याला परकी होती, हे मला पुष्कळ वर्षांनी, इथे हे काम शिकताना उमगले. दुसऱ्या पालकांच्या भीतीचे कारण याहून गंभीर आहे. हा कागद शाळेबाहेर कोणाच्या हाती पडेल, असे ते मला विचारतात. मुलाचे स्थलांतराचे कागद नाहीत म्हणून शाळेचे दार बंद करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1982 चा प्लायलर खटल्यातील निकाल मी त्यांना सांगते, पण अलीकडे तो सांगताना माझाच आवाज खाली येतो. पुढील काही वर्षांत हा रकाना आटलेला दिसला, तर ती इंग्रजीची प्रगती समजून कोणी पाठ थोपटून घेऊ नये, म्हणून हे लिहून ठेवत आहे.

असा एका बाजूने चुकीचा वाचला जाणारा आणि दुसऱ्या बाजूने अपुरा मोजला जाणारा आकडा हाती असताना आपल्या प्रशासनाने काय केले, ते क्रमाने पाहावे लागेल. मार्च 2025 च्या पहिल्याच दिवशी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा घोषित करणारा आदेश निघाला. त्याच महिन्यातील कपातीत या मुलांसाठी असलेले आपल्या खात्यातील इंग्रजी भाषा-संपादन कार्यालय जवळजवळ रिकामे झाले आणि ज्या सांख्यिकी केंद्राचे आकडे मी वर दिले, तिथेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरली. 30 जूनला राज्यांना कळवण्यात आले की, दुसऱ्या दिवशी अपेक्षित असलेला या मुलांसाठीचा केंद्रीय निधी तूर्त मिळणार नाही. तो महिनाअखेरीस सुटला, पण तोवर आमच्याकडची अर्धवेळ साहाय्यिका दुसरी नोकरी धरून गेली होती. ऑगस्टमध्ये, या मुलांप्रति शाळांची कायदेशीर कर्तव्ये काय आहेत हे सविस्तर समजावणारे 2015 चे मार्गदर्शक पत्र मागे घेतले गेले. आणि 2026 च्या आर्थिक वर्षासाठीच्या प्रस्तावात ‘टायटल थ्री’ या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीच्या केंद्रीय निधीची 89 कोटी डॉलरची तरतूद पूर्णपणे काढून टाकण्याची सूचना होती.

89 कोटी ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. 53 लाखांनी भागली तर ती दर मुलामागे वर्षाला साधारण 168 डॉलर होते. यातून माझा पगार निघत नाही, कारण राज्याच्या आणि स्थानिक खर्चाची जागा या पैशाने घेऊ नये असे कायदाच सांगतो. यातून उन्हाळी वर्ग चालतात, वर्गशिक्षकांचे प्रशिक्षण होते, पालकांसाठी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग भरतात. हा कार्यक्रम इंग्रजीचे प्राधान्य कमी करून द्विभाषिकतेला उत्तेजन देतो, असा आक्षेप त्या प्रस्तावात होता. महोदया, इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा, आणि ती शिकवण्यासाठी केंद्राने बाजूला काढलेली ही रक्कम मात्र नको, ही दोन वाक्ये एका श्वासात कशी म्हणायची हे मला अजून जमलेले नाही. द्विभाषिकतेबद्दल म्हणाल, तर कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये सुरू केलेली द्विभाषिक साक्षरतेची मोहोर (‘सील ऑफ बायलिटरसी’) आज न्यू जर्सीतही बारावी उत्तीर्ण मुलांना सन्मानाने दिली जाते. इथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून रविवारी सकाळी झोपाळू डोळ्यांनी बाराखडी गिरवणाऱ्या मुलांचे आईवडील तिचीच स्वप्ने पाहत असतात. अठराव्या वर्षी जे पदक ठरते, ते पाचव्या वर्षी व्यंग कसे काय ठरते?

मार्गदर्शक पत्र मागे घेतल्याने कायदा बदललेला नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे 1800 चिनी भाषक मुलांना इंग्रजीसाठी कोणतीही मदत न देता इतरांबरोबर बसवले होते. त्यांच्यासाठी लढवलेल्या लाऊ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये सांगितले की, सगळ्यांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाचे दार बंदच राहते. बदलले आहे ते एवढेच की, दूरच्या एखाद्या लहान डिस्ट्रिक्टमधील, म्हणजे स्थानिक शाळा-विभागातील, मुख्याध्यापकाला आपले कर्तव्य काय, हे सोप्या शब्दांत वाचायला आता कागद नाही. न्यू जर्सीत एका भाषेची 20 मुले झाली की द्विभाषिक वर्ग काढावा लागतो. आमच्याकडे एका वेळी मराठीची तेवढी मुले कधीच झालेली नाहीत. अशा थोड्या संख्येच्या भाषांतील मुलांना या केंद्रीय नियमांचा आधार मोलाचा असतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, ते पत्र किंवा त्याच तोलाचे दुसरे पत्र आपण पुन्हा काढावे आणि टायटल थ्रीला हात लावू नये. त्याआधी, आणि याला फारसा पैसाही लागत नाही, दरवर्षी या मुलांचा आकडा छापताना त्याच्या शेजारी त्या वर्षी किती नवी मुले आली, किती इंग्रजीत पारंगत होऊन बाहेर पडली आणि बाहेर पडलेली मुले पुढे बारावीपर्यंत कशी चालली आहेत, हे छापावे. राज्ये यांतील बरीचशी माहिती कळवतातच. ती मुख्य आकड्याच्या शेजारी येत नाही, इतकेच. ते करायचे तर सांख्यिकी केंद्रात माणसे परत आणावी लागतील.

आजीचा पदर ओढणारी ती मुलगी आता पहिलीत आहे आणि रोज पाऊण तास माझ्याकडे येते. गेल्या आठवड्यात तिने फळ्यासमोर उभे राहून, पाण्याचा खेळ का आवडतो हे सहा वाक्यांत इंग्रजीत सांगितले आणि जागेवर जाताना माझ्या कानाशी येऊन मराठीत विचारले, “बरोबर होतं ना?” आणखी दोन-तीन हिवाळ्यांनी ती 4.5 ओलांडेल, असा माझा अंदाज आहे. त्या वर्षी आपल्या आकड्यातून एक वजा होईल. ती वजाबाकी आपल्या खात्यात कोण, कुठे लिहून ठेवणार आहे, तेवढे कृपया कळवावे.

कळावे,

आपली,
एक ईएसएल शिक्षिका
मध्य न्यू जर्सी