म्युनिकहून पत्र: सुनेचा वाढदिवस आणि बर्फाचा डोंगर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही दोघे सुखरूप परतलो आहोत, हे सर्वांत आधी लिहितो. कोणाला ताप नाही, कोणी पडले-धडपडले नाही, आणि तुमच्या सुनेची सर्दी डोंगरावरची नसून निघण्याच्या आधीपासूनचीच आहे. घर, ऑफिस, डबा यांबद्दल लिहीत नाही, कारण ते फोनवर रोजच होते. वाढदिवसाच्या सहलीचे मात्र फोनवर धड सांगता आले नाही. आई, तू एकेक शंका काढत गेलीस आणि तुझी समजूत घालण्यातच सगळा वेळ गेला.

आम्ही गार्मिश-पार्टनकिर्खेनला गेलो होतो. म्युनिकहून रेल्वेने ते जेमतेम दीड तासावर आहे, त्यामुळे बर्फावरून मोटार घसरण्याचा प्रश्नच नव्हता. टीव्हीवर दाखवतात त्या हिमकड्यांखाली बहुतेक वेळा आखून दिलेली वाट सोडून स्की करत जाणारे लोक सापडतात. इथे हिवाळ्यात धोक्याची पातळी रोज एक ते पाच या आकड्यांत जाहीर होते, आणि आम्ही तर स्कीला हातही लावला नाही. तेव्हा ती काळजी कृपया सोडून दे.

बाबा, पुढचे तुमच्यासाठी. त्सुगश्पित्से हे जर्मनीतले सर्वांत उंच शिखर २९६२ मीटरचे आहे. आपली कळसूबाई १६४६. आइबझे तळ्यापासून माथ्यापर्यंत २०१७ साली नवा रोपवे झाला. त्याला वाटेत पोलादाचा एकच मनोरा आहे, उंची १२७ मीटर, आणि तिथून शिखरापर्यंत ३२१३ मीटर दोर मध्ये कुठेही आधार न घेता तसाच जातो. जन्मभर विजेच्या लाइनींचे टॉवर उभे केलेल्या माणसाने हे पाहायला हवे होते, असे मला तिथे सारखे वाटत होते. तळ्यावर इतके धुके होते की समोरचा काठ दिसत नव्हता. पाच-सहा मिनिटांत डबा त्या धुक्यातून वर निघाला आणि लख्ख उन्हात आला. हिवाळ्यात थंड जड हवा दरीत साचून राहते, म्हणून असे होते. माथ्यावरूनच ऑस्ट्रियाची सरहद्द जाते, पण पासपोर्ट कोणीही विचारला नाही. फोटोत सुनेचे केस पांढरे दिसतात, ते टोपीबाहेर आलेल्या बटांवर श्वासाची वाफ गोठल्यामुळे. खोलीत आल्यावर पाच मिनिटांत ते पूर्ववत झाले.

आता तुझ्या फोनविषयी, आई, कारण त्यावरून तिथे थोडी खळबळ झाली आणि तुला वाईट वाटू नये म्हणून ती नीट समजावून सांगायला हवी. तू रात्री बारापर्यंत जागून सुनेला शुभेच्छा दिल्यास, तेव्हा इथे आदल्या संध्याकाळचे साडेसातच वाजले होते. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई (आपण पार्टनकिर्खेनच्या, गार्मिशच्या नव्हे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले होते, ही दोन गावे १९३५ साली, तिथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, एक करण्यात आली) समोरच बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारले, वाढदिवस आज आहे का? उद्या आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. या लोकांत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणे अशुभ मानतात. एरवी विम्यापासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीला नियम आणि कारण असणारी ही माणसे या एका बाबतीत जराही ऐकून घेत नाहीत. उशिरा दिलेल्या शुभेच्छा चालतात, अगदी आठवड्याने दिल्या तरी. एक तास आधी दिलेल्या चालत नाहीत. भारतात त्या वेळी तारीख बदललेली होती, हे मी घड्याळ दाखवून सांगितले. त्यांनी बराच विचार करून, फोन भारतातून आला असल्यामुळे तो भारताच्या वेळेने धरावा, असा निकाल दिला, पण स्वतः मात्र अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर मेणबत्ती लावून ठेवलेली होती आणि त्यांनी दोन्ही हातांनी सुनेचा हात धरून शुभेच्छा दिल्या. शिवाय इथे ज्याचा वाढदिवस, त्यानेच इतरांना केक खाऊ घालायचा असतो, म्हणून परत आल्यावर सुनेने रात्री जागून ऑफिससाठी केक भाजला. तुझा फोन तिला सर्वांत आधी आला, याचेच तिला अप्रूप आहे.

वरती ती दमून बसली, त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास, त्याला सध्या काहीही आधार नाही. तसे असेल तेव्हा पहिला फोन तुलाच येईल.

खर्चाचा आकडा मी लिहीत नाही, कारण तुम्ही युरोच्या कोणत्याही आकड्याला शंभराने गुणता आणि मग कोणालाच जेवण गोड लागत नाही. एवढेच सांगतो की लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितले नव्हते, आणि एका शुक्रवारच्या पलीकडे आम्ही रजा घेतलेली नाही. रजा छोटीच्या लग्नासाठीच राखून ठेवली आहे. साखरपुड्याला मी नव्हतो, हे तुमच्यापैकी कोणीही बोलून दाखवले नाही. फोटोत तिच्या शेजारी मामेभाऊ उभा होता, तो मी पाहिला. लग्नाला आम्ही दोघेही येणार आहोत.

बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे कालच पाठवले आहेत, शनिवारपर्यंत खात्यात दिसतील. लग्न उरकल्यावर डोळ्याचे पाहू, हे बाबांचे म्हणणे मला मान्य नाही. मांडवात माणसे ओळखू यायला हवीत. लेन्स डॉक्टर सांगतील ती घ्या, स्वस्तातली मागू नका. हॉलची आगाऊ रक्कम किती भरायची ते छोटीने मला परस्पर कळवावे, तुम्ही आकडा कमी करून सांगता. आणि गुरुजींनी मुहूर्त काढला की त्याच दिवशी तारीख कळवा, कारण मे महिन्याच्या तिकिटांचे भाव आत्ताच चढू लागले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र मुलगा