‘ऐंशी टक्के काम पूर्ण’ म्हणजे नेमके काय पूर्ण? बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मोठ्या प्रकल्पाच्या आढावा बैठकीत आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : काम किती टक्के झाले? समोरून आकडाही लगेच येतो. मी गेली बावीस वर्षे नियोजन अभियंता म्हणून बांधकामांवर आहे आणि असे आकडे तयार करून वर पाठवणाऱ्यांपैकीच एक आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तो आकडा बहुतेक वेळा खर्चाचा असतो, कामाचा नसतो. मंजूर रकमेपैकी ऐंशी टक्क्यांची बिले निघाली की काम ऐंशी टक्के झाले असे धरतात. माती, काँक्रीट, लोखंड यांत पैसा मोठा आणि ती कामे आधी होतात. मागे उरतात जोडण्या, चाचण्या, दाखले, हस्तांतरण. त्यांत पैसा थोडा, पण वेळ खूप. प्रकल्प ‘नव्वद टक्क्यांवर’ वर्षभर अडकून बसतो तो यामुळे, आणि त्या वर्षभरात कुणी खोटे बोललेले नसते.

एका रुग्णालयाच्या इमारतीत मी हे जवळून पाहिले. रंग झाला होता, दिवे लागत होते, फरशी चकचकीत होती. अग्निशमन अधिकारी पाहणीला आले. चौथ्या मजल्यावर त्यांनी पाइपांच्या डक्टचे दार उघडले, आत बॅटरी धरली आणि खालच्या मजल्यावरच्या सहकाऱ्याला हाक मारून विचारले, “उजेड दिसतो का?” दिसत होता. स्लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक पाइपभोवती दोन बोटे फट होती. उजेड जातो तिथून धूरही जातो, म्हणून ती फट आगरोधक सीलंटने बुजवायची असते. स्थापत्य कंत्राटदार म्हणाला, भोके ठेवणे एवढेच माझ्याकडे. प्लंबिंगवाला म्हणाला, पाइप माझे, स्लॅब माझा नाही. विजेच्या कंत्राटदाराने केबल ट्रेबद्दल तेच सांगितले. तिघांचे करार काढून वाचले. तिघेही खरे बोलत होते. ते काम कुणाच्याच करारात नव्हते. नवा दर ठरवणे, मंजुरी, माणसे आणणे, तयार छत उघडून आत शिरणे यांत सात महिने गेले. तेवढे महिने खाटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडून होत्या. माझ्या वेळापत्रकातही ती ओळ नव्हती, हे मला आजही सलते.

ही ओळ आधीच सापडावी यासाठी जी पद्धत आहे तिला वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणतात. साइटवर आम्ही डब्ल्यूबीएस म्हणतो. इथे कामाची फोड म्हणू. वंशावळीसारखी ती वरून खाली उतरते. पूल बांधायचा असेल तर सगळ्यात वर पूल. त्याखाली पाया, खांब, गर्डर, डेक, जोडरस्ते, आणि याच रांगेत जागेचा ताबा, जलवाहिन्या हलवणे, भारचाचणी, हस्तांतरणही. पायाखाली एकेका खांबाचा पाया, त्याखाली पाइल म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, आणि पाइल कॅप म्हणजे त्यांना वरून एकत्र बांधणारा काँक्रीटचा ठोकळा. खाली जाताना जिथे थांबतो त्या शेवटच्या तुकड्याला वर्क पॅकेज म्हणतात. ‘खांब क्रमांक ७ ची पाइल कॅप’ हे एक पॅकेज. त्याचे परिमाण, त्याचा खर्च, त्याला जबाबदार असलेला एकच माणूस आणि ‘झाले’ कशाला म्हणायचे याची कसोटी, एवढे त्यापुढे लिहिलेले असते.

या पद्धतीचा प्राण म्हणजे शंभर टक्क्यांचा नियम : पोटातल्या तुकड्यांची बेरीज वरच्या घटकाइतकीच भरली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. ऐकायला बाळबोध वाटतो. पण ‘धूर एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणार नाही’ याच्या पोटात काय काय येते, हे चार जाणकारांनी टेबलाभोवती बसून लिहायला घेतले, तर पाइपभोवतीची ती फट त्याच दुपारी कागदावर येते.

इथे एक चूक फार ठिकाणी होते. फोड कंत्राटांनुसार करतात. मग दोन कंत्राटांमधली फट फोडीतही फटच राहते. फोड वास्तूची करायची असते, आणि ती झाल्यावर प्रत्येक पॅकेजसमोर ते कुणाच्या करारात बसते हे लिहायचे असते. ज्या रकान्यात नाव येत नाही, ते काम निविदा निघण्याआधीच हाती लागते.

आपले अधिकारी म्हणतील, आमच्याकडे बीओक्यू, म्हणजे कामांच्या परिमाणांची यादी, आहे. ती लागतेच. पण अमुक इतके घनमीटर काँक्रीट लागेल एवढेच ती सांगते. कोणत्या खांबात, आणि तो खांब उभा राहिला का, हे ती सांगत नाही.

पद्धत नवी नाही. अमेरिकेचे संरक्षण खाते आणि नासा यांच्या 1962 च्या संयुक्त मार्गदर्शिकेत ती आली, 1968 मध्ये त्या खात्याने तिच्यासाठी स्वतंत्र मानक काढले आणि 2018 पासून आयएसओ 21511 हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

बर्लिनचा नवा विमानतळ 3 जून 2012 ला उघडायचा होता. चार आठवडेही उरले नसताना, 8 मे रोजी उद्घाटन रद्द झाले. धूर बाहेर काढणे, आगीची दारे, स्प्रिंकलर आणि त्यांची नियंत्रणे ही साखळी एकत्र चालत नव्हती. स्वयंचलित यंत्रणेऐवजी दारांपाशी माणसे उभी करण्यापर्यंत विचार गेला होता. विमानतळ अखेर 31 ऑक्टोबर 2020 ला उघडला. कारणे अनेक होती, बांधकाम चालू असताना आराखडे बदलले हे त्यांतले मोठे. पण भिंती, छत, धावपट्टी डोळ्यांना तयार दिसत होती आणि ‘आग लागली तर इमारत एक होऊन वागते’ हे काम अपुरे होते. लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वेमार्गाचे बोगदे केव्हाच खोदून झाले होते. डिसेंबर 2018 ला सुरू व्हायचा तो मार्ग स्थानके, सिग्नल आणि गाड्या यांची एकमेकांशी जोडणी होईपर्यंत 24 मे 2022 वर गेला. जोडणी, चाचणी आणि हस्तांतरण यांना पहिल्या दिवसापासून फोडीत स्वतःच्या ओळी, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा माणूस हवा, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

फोडीच्या मर्यादाही सांगतो. आधी काय आणि नंतर काय, हे फोड सांगत नाही. ते वेळापत्रकाचे काम. आणि फार बारीक केली तर ती मरते. दोन-दोन दिवसांच्या कामापर्यंत फोड नेलेली मी पाहिली आहे. हजारो ओळी भरायला माणसे पुरत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यापासून ती अंदाजाने भरली जातात.

माझी मागणी अशी की फोड मंजूर झाल्याशिवाय निविदा निघू नये. फोडीत प्रत्येक पॅकेजला जो क्रमांक असेल तोच वेळापत्रकात, नकाशावर, बिलावर आणि पत्रव्यवहारात यावा. मग उशीर कुठे आणि कुणामुळे झाला यावर वर्षानुवर्षे वाद चालणार नाहीत. आराखडा बदलायचा तर आधी फोड बदलावी, म्हणजे तो बदल कुठे कुठे पोचतो ते सही करण्यापूर्वीच दिसेल. आणि प्रगती मोजताना, पॅकेज कसोटीला उतरेपर्यंत त्याची प्रगती शून्य धरावी. याने सुरुवातीचे आकडे खाली येतील, पहिल्या बैठका अवघड जातील. तेवढे सोसावे, ही विनंती. ज्यांच्यासाठी इमारत उभी राहते त्यांना ती फोड संकेतस्थळावर पाहता यावी, हेही मागतो.

पुढच्या बैठकीत टक्के विचारण्याआधी नकाशा मागवा. दोन कंत्राटे जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषेवर बोट ठेवा आणि विचारा, इथले काम कुणाचे? अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले, तर ती ओळ तिथेच लिहून घ्यायला सांगा आणि नाव ठरल्याशिवाय बैठक उठवू नका.

आपला,
एक नियोजन अभियंता