मित्रास पत्र: आमच्या गटाच्या बैठका कशा ठरल्या

नाशिक,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जळगावात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांचा गट सुरू करायचं तुझ्या मनात आहे, आणि आमच्या बैठका कशा ठरतात ते सविस्तर कळव म्हणालास. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहायलाच बसलो. पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक आजच पक्कं झालंय, तेव्हा सगळं डोक्यात ताजं आहे.

सगळ्यात आधी एक सांगतो. सदस्यांना “कोणता विषय ऐकायला आवडेल?” असं विचारू नकोस. मशीन लर्निंग, एआय, हीच उत्तरं येतात. तो विषय ठेवला की खोली भरते, सगळे माना डोलावतात आणि पुढच्या खेपेला निम्मे फिरकत नाहीत. यंदा आम्ही वेगळं विचारलं: “गेल्या महिन्यात काम करताना कुठे अडकलात?” मोबाइलवरचा फॉर्म पाठवला नाही, तो भरायचा राहून जातो. चहाच्या आधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहायची सक्ती नाही.

काय काय निघालं बघ. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या सदस्याची अडचण अशी, की पीएलसीमधून, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकातून, रोज निघणारी सीएसव्ही फाइल (आकड्यांची साधी यादी) एवढी मोठी असते की एक्सेलमध्ये पूर्ण उघडतच नाही. सिडकोतल्या एका अकाउंटंट ताईंना ढीगभर फाइलींमधले जीएसटीचे आकडे एकत्र करायचे आहेत. कॉलेजची मुलं गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, दोघांचे बदल एकमेकांवर आदळून मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की अख्खं फोल्डर उडवून पुन्हा क्लोन करतात, म्हणजे नवी प्रत उतरवतात. पतसंस्थेत काम करणाऱ्या एकाला खातेदारांची मराठी नावं नीट हाताळता येत नव्हती. पायथनमध्ये ‘नाशिक’ अक्षरशः उलटं केलं तर ‘किशान’ मिळतं, कारण काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, स्वतंत्र मोजली जातात. शब्दाची लांबीही ३ नाही, ५ येते. हे पाहून मुलं एवढी खूश झाली की यावर आता अख्खी बैठक ठेवली आहे.

मला सर्वांत भावली ती दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाची चिठ्ठी. तो फवारणीच्या नोंदी हवामानाच्या आकड्यांशी जुळवून पाहतोय, आणि तारखा काही केल्या जुळत नव्हत्या. बैठकीला तो वहीच घेऊन आला. तिच्यात ०३/०४/२०२५ अशी नोंद, म्हणजे आपली ३ एप्रिल. पण पांडाजला, म्हणजे तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीला, वेगळं काही सांगितलं नाही तर ते महिना आधी धरतं आणि ४ मार्च वाचतं. फवारणी एका महिन्यात, पाऊस दुसऱ्याच महिन्यात! ‘डेफर्स्ट’ला ‘ट्रू’ दिलं, म्हणजे दिवस आधी वाच असं सांगितलं, आणि आलेख सरळ झाला. तेवढ्यात अकाउंटंट ताई मागून म्हणाल्या, “थांबा, माझ्या बिलांचंही हेच झालंय.” अशी बैठक कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, जे येतात त्यांचंच ऐकून भागत नाही. जे यायचे थांबले त्यांना फोन कर. आम्ही केले, आणि विषयाबद्दल जवळजवळ कुणीच बोललं नाही. नाशिकरोडच्या दोघी म्हणाल्या, शनिवारी रात्री नऊला सुटून द्वारका चौकाच्या गर्दीतून घरी पोचायला फार उशीर होतो. एकाच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी, पण रविवारी ड्यूटी, म्हणून आदल्या रात्री उशीर नको. एक विद्यार्थी बराच वेळ आढेवेढे घेऊन म्हणाला, “सर, सगळे इंग्रजीत बोलतात, मग विचारायची हिंमत होत नाही.” हे शेवटचं मला फार लागलं.

म्हणून आता दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला आणि चौथ्या रविवारी सकाळी दहाला, अशा दोन बैठका. सगळं सगळ्यांना सोयीचं होणार नाही, पण महिन्यात एक तरी प्रत्येकाला जमेल. ऑक्टोबरात एकच, तेव्हा द्राक्षबागांमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू असते. बोलणं मराठीत, कोडमधले शब्द आहेत तसेच. पहिला अर्धा तास फक्त अडलेल्यांचा. मग वीस मिनिटं एकाने समजावायचं, उरलेला वेळ दोघांत एक लॅपटॉप. जोडीत एक जुना आणि एक नवा.

जागेचं फार मनावर घेऊ नकोस. पंखा, फळा आणि प्लगचे भरपूर पॉइंट एवढं पुरतं. तारे देऊन सरासरी काढायच्या फंदातही पडू नकोस. पाचपैकी साडेचार या आकड्यावरून पुढची बैठक ठरत नाही. मात्र पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला, चिठ्ठ्यांमधून काय ऐकलं आणि काय बदललं, हे मोठ्याने सांग. आपण लिहिलेलं कुणी वाचतंय हे कळलं की लोक मनापासून लिहितात.

आता तुझ्यासाठी काम. येत्या चौथ्या रविवारी गिटची बैठक आहे आणि कॉन्फ्लिक्ट सोडवणं तुझ्यासारखं शांतपणे कुणी समजावत नाही. शनिवारीच मुक्कामाला ये. सकाळी मिसळ खाऊ आणि तसेच बैठकीला जाऊ. दोन ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) मुद्दाम भांडणाऱ्या करून ठेवलेली एखादी छोटी रिपॉझिटरी (गिटमधलं कोडचं फोल्डर) बरोबर आण, मुलांना स्वतःच्या हाताने सोडवता येईल अशी. जमतंय का ते या आठवड्यात कळव, म्हणजे प्रोजेक्टरचं सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझाच,
मित्र