जाळी पडली, आंटी!

प्रिय आंटी,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीतलं माझं 'थँक यू' दर वेळी लिफ्टचं दार बंद होईपर्यंतच टिकायचं. रविवारी तुमच्या मुलीकडे येईन तेव्हा शेजारी बसून ओळ न् ओळ सांगेन.

आम्ही सिंगापुरात तोआ पायोला राहायला आलो त्याच आठवड्यात तुम्ही ताटली घेऊन दारात उभ्या होतात. पांढऱ्याशुभ्र, ओलसर, शंकरपाळ्यासारख्या तिरक्या कापलेल्या वड्या. 'पाक थोंग कोऊ', तुम्ही म्हणालात. पांढऱ्या साखरेचा केक. पहिल्या घासाला गोड, आणि मागून आंबोळीच्या पिठाचा तोच आंबूस वास. रत्नागिरी सोडून चार महिने झाले होते मला. तो वास मी किती वेळ तोंडात धरून ठेवला, ते तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही.

घरी करून पाहिला तर दगड झाला. एकदा नाही, तीनदा. तुम्ही आलात, ओट्यावरचं हिरवं पाकीट उचललंत आणि मान हलवलीत. हिरवं चिकट तांदळाचं, ते चिनी नववर्षाच्या 'नियन गाओ' केकला. इथे लाल पाकीट हवं, साध्या तांदळाचं. मग २०० ग्रॅम पीठ, १५० ग्रॅम साखर, ३०० मिलिलिटर पाणी. निम्म्या पाण्यात पीठ कालवलंत, उरलेल्या पाण्यात साखर उकळून तो कढत पाक ढवळत ढवळत पिठावर ओतलात. पीठ किंचित शिजून खळीसारखं दाटलं. तांदळात गव्हाचा चिवटपणा नसतो, बुडबुडे धरून ठेवायला ही खळच लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग तुम्ही माझं मनगट धरलंत. तान्ह्या बाळाचं दूध बघतात तसा पिठाचा थेंब त्यावर टाकलात. गरम लागला. थांबलो. पुन्हा थेंब. अजून गरम. तिसऱ्या थेंबाला मला काहीच जाणवलं नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'नाऊ यीस्ट.' माझं यीस्ट दर वेळी मरत होतं ते इथेच. कोमट म्हणजे किती, हे कुठल्याही कृतीत लिहून भागत नाही आंटी, ते तुम्ही माझ्या कातडीला शिकवलंत.

पीठ फुगेपर्यंत दोन तास तुम्ही तुमच्या आत्याबद्दल बोलत होतात. हा पदार्थ चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शुनदचा, तिथल्या लुनजियाओ गावाच्या नावानेच ओळखला जातो. १९३०च्या दशकात तिकडचा रेशमाचा धंदा बसला आणि कितीतरी बायका घरकामाला सिंगापूरला आल्या, पांढरा सदरा आणि काळी विजार घालणाऱ्या 'आमा'. त्यांतल्या अनेकींनी केसांचा अंबाडा बांधून लग्न न करण्याची शपथ घेतलेली. तुमची आत्या त्यांतलीच. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं वाढवली, आणि सुटीच्या दिवशी तुम्हाला हा केक करून घातला. तिचा हात तुमच्यात आला, आणि तुम्ही तो परक्या देशातून आलेल्या शेजारणीला दिलात. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

तुम्ही तोआ पायो सोडलंत तेव्हा तुमचा पोचे पडलेला डबा मला देऊन गेलात. काल तो तेलाचा हात लावून आधी रिकामाच वाफेवर कडकडीत तापवला, मग पीठ ओतलं. तळ गरम असला की बुडबुडे सरळ वर चढतात, हे लक्षात होतं. झाकणाला फडकं बांधलं, मोठ्या आचेवर पंचवीस मिनिटं. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावली नाही.

कापलं, आणि उभ्या नळ्यांची जाळी, तळापासून वरपर्यंत. आईला व्हिडिओ कॉल लावून कापलेली कड दाखवली. ती म्हणाली, 'अगं, काय सुरेख जाळी पडलीय! कोणी शिकवलं?'

मी तुमचं नाव सांगितलं. रविवारी तुमची ताटली आणतेय. रिकामी नाही.

तुमची,
समोरच्या दारातली