झरा आटलेला नाही, त्याची वाट अडवली आहे: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय, स. न. वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीला यंदा टँकर लागणार नाही, असा शब्द झऱ्यावरच्या पाणी योजनेच्या भूमिपूजनाच्या दिवशी मिळाला होता. एप्रिल लागला आणि टँकर आला, तोही दिवसाआड. कागदोपत्री योजना पूर्ण आहे आणि झरा आटला असा शेरा आहे. हा शेरा खोटा आहे.

सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाचा, जांभा दगड सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि तो थर उतारावर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. त्याला मागून जोर फारसा नसतो. म्हणून झऱ्याचं पाणी साठवायला बांधलेल्या पेटीतला नळ आणि सांडवा, दोन्ही झऱ्याच्या तोंडाखाली लागतात. ठेकेदाराने ते दोन फूट वर बसवले, तोंड जेसीबीने उकरलं, तळाला काँक्रीट ओतलं. पेटीत पाणी चढलं, मागे दाब आला आणि पाण्याने दुसरी भेग धरली. आता ते तीस पावलं खाली वहाळाच्या चिखलात पाझरतं. बायका तिथे खळगा करून करवंटीने कळशी भरतात. एका कळशीला अर्धा तास जातो.

कामाआधी याच झऱ्यावर मे महिन्यात दहा लिटरची बादली ४० सेकंदांत भरत होती. म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने ३९० माणसांचं पाणी. एवढं साधं मोजमाप अंदाजपत्रकात नाही. कारण बिल निघतं पाइपच्या मीटरवर आणि सिमेंटच्या पोत्यांवर, मे महिन्यात नळाला आलेल्या पाण्यावर नाही. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’मध्ये डोंगरमाथ्यावर पाणी मुरवून झरे जगवले. आमच्याकडे सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, असं लिहिलं की सडा चिरेखाणीला मोकळा! तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात बायाबापड्यांनी टँकरची वाट बघायची, हा अन्याय आहे.

पावसाआधी एवढं करा. तळाचं काँक्रीट छिन्नी-हातोड्याने फोडा. ब्रेकर लावू नका, भेगा वाढतील. तोंडाशी आधी मोठे दगड, मग खडी रचा. नळ आणि सांडवा खाली घ्या, तळाला गाळ सोडायचा नळ ठेवा. वरच्या अंगाला पावसाचं गढूळ पाणी वळवणारा चर काढा. झऱ्याच्या माथ्यावरच्या सड्यावर बोअर आणि चिरेखाण बंद करा. आणि पुढच्या मे महिन्यात ग्रामसभेसमोर बादली भरून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

आपले,
वाडीतले ग्रामस्थ